आत्याला मोठं करायचं राहिलं

लाँड्रीतल्या आत्याच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला. इस्त्रीखाली कॉलर नीट बसली नाही, तर ती शर्टावरच खेकसायची. पण भाषेचा अभ्यास करणारी एक पोरगी सुट्टीच्या दिवशी रेकॉर्डर घेऊन यायची; ती आली, की आत्याचा नूरच पालटायचा. खुर्ची पुसून ती आधीपासून तयार बसायची आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "आमच्या भाषेचं व्याकरण लिहितायत. मी सांगतेय ना सगळं!"

ती भाषा आत्याच्या आईची. बोलणारी माणसं आधीच थोडी, त्यात आई वारली तेव्हा आत्या अगदी लहान होती. काकाने तिला शहरात आणलं, आणि काकाला ती भाषा येत नव्हती. तरी आत्या विसरली नाही. आयुष्यभर इस्त्रीच्या वाफेत उभी राहून ती मनातल्या मनात आईशी बोलत आली. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

पोरगी विचारायची, "'मी पाणी आणते' कसं म्हणाल? आणि 'आम्ही आणलं'?" आत्या घडाघडा सांगायची. अडली, तर दोघी चहा प्यायच्या आणि तेवढ्यात शब्द आठवायचा.

घोडं अडलं ते पुढे. दूरच्या एका गावात पोरीला हीच भाषा बोलणारी म्हातारी सुईण सापडली. पडताळून पाहावं म्हणून तिने आत्याचं बोलणं सुईणीला ऐकवलं. सुईण आधी कान देऊन ऐकत राहिली, मग पोट धरधरून हसली. "अगं, हे तर लेकराचं बोलणं! केवढी आहे ती?"

त्या लोकांत मुलांचं बोलणं वेगळं आणि मोठ्यांचं वेगळं. शब्द निराळे, क्रियापदं निराळी. मूल हाताशी आलं, की घरातली एखादी बाई त्याला समोर बसवून मोठ्यांचं बोलणं शिकवते. त्या दिवसापासून ते मोठं, आणि त्याच्याशीही सगळे मोठ्यांसारखंच बोलतात. आत्याला समोर बसवायला कुणी उरलंच नव्हतं.

पोरीने चाचरत हे सांगितलं, तेव्हा आत्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"म्हणजे नातवंडं असलेली बाई मी, आणि पुस्तकात बोबडी बोलणार?"

"बोबडं नाही हो, आत्या. मी दोन्ही लिहिणार आहे."

"पूस ते सगळं. आणि परत येऊ नकोस."

आता यात त्या बिचारीचा काय दोष? पण दुखावलेलं माणूस समोर दिसेल त्यालाच झोडपतं. दुसऱ्या दिवशी आत्या इस्त्रीपाशी उभी राहिली, नेहमीसारखं आईला काही सांगायला गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. त्या दिवशी ती आईशी बोलली नाही. नंतरही नाही. व्याकरण गेलं खड्ड्यात; हे मात्र तिला फार लागलं.

शेवटी सुईणच आली, पोरीचा हात धरून, धापा टाकत.

"मी हसले म्हणून रागावलीस ना? अगं, किती वर्षांनी ऐकलं मी ते बोलणं! आमच्याकडची मुलं आता आपली भाषा बोलतच नाहीत. तुला कुणी मोठं केलं नाही एवढंच. मी करते. ये, बस अशी समोर."

आत्या मुकाट्याने बसली. तिलाही तेच हवं होतं, चारचौघींसारखं नीट बोलणं. पोरीने रेकॉर्डर सुरू केला. सुईणीने आत्याच्या कपाळावरचे पांढरे केस मागे सारले आणि शिकवायच्या आधी सहज आपल्या भाषेत विचारलं, जेवलीस का गं? मोठी माणसं लेकराला विचारतात त्या शब्दांत. आईनंतर आत्याला त्या शब्दांत कुणी काही विचारलं नव्हतं.

आत्याचे डोळे भरून आले. "जेवले," ती लेकराच्या बोलीत म्हणाली. "सगळं संपवलं."

"शहाणी माझी ती. बरं, आता मोठ्यांसारखं म्हण..."

आत्याने तिचा हात घट्ट धरला.

"आज नको ना. मोठी झाले की माझ्याशी असं कोण बोलेल? आजचा दिवस असंच बोल."