मयतीचं पाणी

गोंधनवाडीत सकाळी सात वाजता चहा पिणारा माणूस एक कान रिकामा ठेवूनच पितो. सात वाजले की ग्रामपंचायतीच्या गच्चीवरचा भोंगा खरखरतो, दोनदा खाकरतो, आणि सरपंच कोकिळाबाईचा आवाज गावावर येतो. आईबापांनी कोकिळा नाव ठेवलं तेव्हा त्यांनी तिचा आवाज नीट ऐकला नसणार. वंगण न घातलेल्या बैलगाडीसारखा तो आवाज आहे. तिला त्याची लाज नाही, आणि गावालाही आता सवय झाली आहे.

"गावकरी मंडळी, मी कोकिळा बोलून राह्यली. आज रेशन वाटणार हाये असं दुकानदार म्हणते. मले भरोसा नाई, दुकान उघडं दिसलं तरच थैली घेऊन जा. बारा ते तीन लाईन राहणार नाई. वरच्या गल्लीतली काळी बकरी कालपासून दिसत नाई, कोणी चुकून बांधली असंन तं गुपचूप सोडून द्या, मी इचारणार नाई. अन् पंजाबरावनं नालीवर दोन पायऱ्या बांधल्या, त्या त्यायनं आपल्या हातानं तोडाव्या. नाई तोडल्या तं उद्या पुन्हा सांगीन."

गावातला खरा कायदा म्हणजे हे शेवटचं वाक्य. पंजाबराव पंचायतीचे सदस्य, तेही विरोधातले. तीन दिवस ते ताठ राहिले. चौथ्या दिवशी जावई मुक्कामाला होता आणि त्याने चहासोबत सासऱ्याच्या पायऱ्यांची बातमी ऐकली. दहाच्या आत पायऱ्या गेल्या.

सरपंचाची जागा बाईसाठी निघाली तेव्हा तिचे यजमान उत्तमराव यांनी दोन पांढरे शर्ट शिवून घेतले होते. सही बायकोची, कारभार नवऱ्याचा, अशीच आसपासच्या गावांची रीत. पहिल्याच आठवड्यात ते पंचायतीच्या खुर्चीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सातला भोंगा बोलला, "उत्तमराव खुर्चीवर बसलेले हायेत. घरी म्हशी धारेच्या राह्यल्या हायेत. त्यायनं लवकर घरी यावं." ते शर्ट पुढे लग्नाकार्यात कामी आले.

पण गावाने भोंगा डोक्यावर घेतला तो या गमतीजमतींसाठी नव्हे. गावची नळाची विहीर तलावाच्या पोटात आहे. होळी झाली की तलाव आटतो, विहीर तळाला जाते, आणि सहा गल्ल्यांना मिळून टाकीभर पाणी उरतं. मे महिन्यात एका गल्लीचा नंबर बारा दिवसांनी लागतो. आधीच्या सरपंचाच्या काळात टाकीचा वॉल कोणी उघडायचा यावरून दोन गल्ल्या लोखंडी पान्हे घेऊन भिडल्या होत्या आणि तिघांची डोकी बीबी गावच्या दवाखान्यात नेऊन शिवावी लागली होती. कोकिळाबाई आली आणि तिने एवढंच केलं की आज कोणाचा नंबर ते भोंग्यावर सांगायचं, आणि पंचायतीचा शिपाई गोकुळ तेवढाच वॉल उघडणार. पान्हा गोकुळच्या कमरेला असतो, पण लोक मानतात ते बाईच्या तोंडाला. गेल्या तीन उन्हाळ्यांत एकही डोकं फुटलं नाही.

नंबराला अपवाद एकच, आणि तो ग्रामसभेने हात वर करून मंजूर केलेला. ज्या गल्लीत मयत होईल त्या गल्लीला त्या दिवशी पाऊण तास पाणी. मयताला आंघोळ घालायची, खांदेकऱ्यांनी घरी येऊन आंघोळी करायच्या, घर धुवायचं, गावोगावहून पाहुणे येणार. यात कोणाचं दुमत असायचं कारण नव्हतं. लोक त्याला मयतीचं पाणी म्हणू लागले. तेव्हापासून मे महिन्यात म्हाताऱ्यांच्या तब्येतीची चौकशी जरा वाढली हे खरं आहे. कोणी वाईट मनाने विचारत नव्हतं. पण विचारून जाताना दारातल्या रिकाम्या ड्रमाकडे नजर जायची.

गेल्या मे महिन्यात कोकिळाबाईची लेक छकुली बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ चौदा दिवसांचं, मुलगी. बाळंतिणीच्या घरात पाणी किती लागतं हे ज्याने ओढलं त्यालाच माहीत. त्यांच्या मधल्या गल्लीला पाणी येऊन सात दिवस झाले होते. ड्रम तळाला गेला होता, आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यात बाळाच्या दुपट्यांचा ढीग वास मारत होता.

त्या दिवशी सकाळी सहाला तीन घरं सोडून रडारड उठली. उकंडराव, सत्याऐंशी वर्षांचे, नात्याने कोकिळाबाईचे चुलत सासरे. दोन दिवस त्यांनी डोळा उघडला नव्हता. पहाटे त्यांना खाटेवरून खाली घेतलं, तोंडात तुळशीचं पान ठेवलं, आणि सून शालूबाईने हंबरडा फोडला. गल्लीला दुसरं काही सांगायची गरज उरली नाही.

कोकिळाबाईचा एक नेम होता. मयत सांगायची तर आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची. साडेसहाला ती घरातून निघाली, उकंडरावांच्या दारापाशी आली आणि थांबली. आत जावं तर मयत पाहिल्यावर आंघोळ आली. आंघोळ केल्याशिवाय ओल्या बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकता येत नाही. घरात आंघोळीला पाणी नाही. पाणी सुटायचं तर आधी मयत जाहीर व्हायला हवी. असा तो गोल हिशेब दारातच तिच्या डोक्यात फिरला. आतून शालूबाईचा आवाज येत होता, "मामाजी, कसे गेले हो तुम्ही." एवढं ऐकल्यावर पाहायचं काय राहिलं, असं मनाशी म्हणून ती पुढे गेली आणि सात वाजता भोंग्यावर बोलली.

"उकंडराव वारले. मधल्या गल्लीले पाऊण तास पाणी."

गोकुळने वॉल फिरवला. मधल्या गल्लीत आसवं आणि नळ एकदमच सुरू झाले. ड्रम भरले, कोठ्या भरल्या, पितळी गुंड, घागरी, कुकर, एकाने तर सायकलीच्या दुकानातली पंक्चर तपासायची परात भरून ठेवली. कोकिळाबाईने दुपटी धुतली, बाळाला न्हाऊ घातलं, आणि बऱ्याच दिवसांनी तिला हलकं वाटलं.

नऊपर्यंत माणसं जमली. बांबू पंजाबरावांनी आणले होते. वैर असलं तरी तिरडीचे बांबू आणायचे असतात. अंगणात पाट मांडून उकंडरावांना बसतं केलं, दोघांनी मागून धरलं, आणि पंजाबरावांनी ऊन पाण्याचा पहिला तांब्या त्यांच्या डोक्यावर ओतला.

"गरम हाय बे," उकंडराव म्हणाले.

मागून धरणाऱ्या दोघांनी हात सोडले. म्हातारबुवा पाटावरून एका अंगाला कलले, स्वतःच सावरले, तोंडातलं तुळशीचं पान थुंकलं आणि डोळे उघडून घंगाळाकडे पाहू लागले.

"आज तं आपला नंबर नाई. मंग पाणी कोठून आलं?"

शालूबाई आधी आनंदाने रडली, मग भीतीने. म्हाताऱ्याला चहा दिला, त्याने बिस्कीट मागितलं. बांबू भिंतीला उभे राहिले.

संध्याकाळी पंजाबराव आपली खालची गल्ली घेऊन पंचायतीसमोर उभे होते. त्या दिवशीचा नंबर खरं तर त्यांचा होता, आणि मयतीमुळे तो पुढे ढकलला गेला होता. "सरपंचाच्या घरी बाळंतीण अन् सरपंचाच्याच गल्लीत मेलेला माणूस जित्ता झाला," पंजाबराव म्हणाले. "आमी येडे नाई. भोंगा खोटं बोलाले लागला तं आमचा वॉल आमी उघडू. पान्हे आमच्याकडंबी हायेत."

यात धमकी किती आणि खरं किती हे कोकिळाबाईला कळत होतं. तीन उन्हाळे जे तिने नुसत्या शब्दावर सांभाळलं होतं ते एका दिवसात जाणार होतं, आणि पुन्हा कोणाचं तरी डोकं बीबीला शिवायला न्यावं लागणार होतं. घरी आल्यावर उत्तमरावांनी सोपा उपाय सांगितला. "शालूनं रडून घोळ केला म्हून सांग. सारं गाव आयकत होतं."

तेवढ्यात शालूबाईच दारात आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "बाई, माह्या नावानं सांगू नका. लोक म्हणतीन सासऱ्याच्या मरणावर टपून होती."

कोकिळाबाईला हे वाक्य लागलं, कारण टपून कोण होतं ते तिला पक्कं माहीत होतं. बाळाची दुपटी दोरीवर वाळत होती, पांढरीशुभ्र. त्यांच्याकडे बघताना तिला स्वतःचा राग आला.

दुसऱ्या दिवशी सातला भोंगा नेहमीपेक्षा जास्त खाकरला.

"गावकरी मंडळी, मी कोकिळा बोलून राह्यली. काल मी सांगतलं का उकंडराव वारले. ते वारले नाई. शालूबाईचा काई दोष नाई. तिनं रडायचं काम केलं, पाहायचं काम माहं होतं. मी त्यायच्या दारापोतर गेली अन् आत गेली नाई. आत गेली असती तं आंघोळ करा लागली असती, अन् घरी पाणी नव्हतं. खरं सांगते, रडू आयकलं तवा मले पयले पाणी आठवलं. मामाजी मंग आठवले. हे वाईट झालं. मधल्या गल्लीचा आता येणारा नंबर खालच्या गल्लीले जाईन. अन्..."

मागे काठी वाजली. उकंडराव पंचायतीच्या पायऱ्या चढून आले होते, धोतर नेसून, डोक्याला टोपी. कोकिळाबाईने झटकन पदर डोक्यावर ओढला आणि खुर्ची सोडली. सासऱ्यासमोर माईक हातात धरून बसायचं कसं, म्हणून तिने तो त्यांच्यापुढे केला. म्हातारा तो जवळ ओढून असा ओरडला की चिमण्या उडाल्या.

"मी उकंडराव. जित्ता हाय. माह्या नावानं पाणी सुटलं, माह्या गल्लीनं भरलं, मीबी आंगावर घेतलं. चांगलं गरम होतं. आता खरा मरीन तवा सोडू नका. एका माणसाले दोनदा मरणाचं पाणी भेटत नसते." मग माईक परत देत हळूच म्हणाले, पण भोंग्याने तेही गावाला ऐकवलं. "सूनबाई, पुढच्या टायमाले आत येऊन पाह्य. मीबी सांगीन, गेलो का नाई ते."

सगळं गाव हसलं. खालच्या गल्लीने दोन नंबर घेतले आणि पान्हे खुंटीला परत गेले. मधली गल्ली मात्र पुढचे अठरा दिवस कोकिळाबाईला पाण्यावरून शिव्या देत होती, आणि ते योग्यच होतं. तिच्या घरचा ड्रमही चौथ्या दिवशी आटला. सव्वा महिना पुरा व्हायच्या आधीच तिने छकुलीला आणि बाळाला देऊळगाव राजाला सासरी धाडलं, कारण तिथे नळाला एक दिवसाआड पाणी होतं. लेकीला तिने एसटीत बसवून दिलं. घरी येऊन कोकिळाबाई न्हाणीघरात बसून पोटभर रडली. नातीला आजोळचं सुख ती आपल्या हाताने देऊ शकली नाही, ही खंत तिला अजून आहे.

उकंडराव पुढे अकरा महिने जगले आणि त्यांनी त्या अकरा महिन्यांची पुरेपूर मजा घेतली. कोणी तब्येत विचारली की म्हणायचे, "ड्रम भरले का आधी सांग." पंजाबराव भेटले की त्यांना बांबूंचं काय झालं ते विचारायचे. बांबूंचा पंजाबरावांनी वेलांना मांडव केला होता आणि त्यावरचे दोडके ते म्हाताऱ्याकडे पोचवत होते.

या एप्रिलमध्ये एका सकाळी शालूबाई रडत आली. कोकिळाबाई चप्पल न घालताच निघाली. आत गेली, खाली बसली, म्हाताऱ्याच्या नाकाशी हात धरला, छातीला कान लावला, आणि तरीही गोकुळला बोलावून त्यालाही पाहायला लावलं. मग तशीच, आंघोळ न करता, पंचायतीत गेली.

"गावकरी मंडळी, मी कोकिळा बोलून राह्यली. उकंडराव वारले. मी पाहून आली." गावाने भोंग्यातून पहिल्यांदाच शांतता ऐकली. "त्यायचं पाणी त्यायनं मागंच घेतलं हाये. म्हून आज वॉल उघडणार नाई."

गोकुळ पान्ह्यावर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिला. ती मान हलवेना. शब्द म्हाताऱ्यानेच देऊन ठेवला होता, तो मोडायचा तिला अधिकार नव्हता.

ती परत आली तेव्हा उकंडरावांच्या दारात मनकर्णाबाई उभी होती, पंजाबरावांची बायको, डोक्यावर पाण्याने भरलेला गुंड. खालच्या गल्लीला पाणी येऊन दहा दिवस झाले होते, म्हणजे तो गुंड घरातला शेवटचाच असणार. तिने तो घंगाळात ओतला. तिच्यामागून वरच्या गल्लीतल्या दोघी आल्या. मग सहाही गल्ल्यांतून कोणी घागर, कोणी कळशी, एकजण नुसता तांब्या. कोकिळाबाई दाराच्या चौकटीला धरून रडत राहिली.

पाणी तापलं. अंगणात पाट मांडला. पंजाबरावांनी पहिला तांब्या ओतला आणि हात तसाच ठेवून थांबले. मागून धरणारे थांबले, बांबू बांधणारे थांबले, दारात पदर घेऊन उभी असलेली कोकिळाबाईही श्वास धरून थांबली.

मामाजी काही बोलले नाहीत. मग पंजाबरावांनी दुसरा तांब्या ओतला.