रजेचं चुकलेलं स्पेलिंग

सुमन गेली ती सोमवारी सकाळी. मी शाळेत सहामाहीचे इंग्रजीचे पेपर तपासत बसले होते आणि 'रिसीव्ह'मध्ये आय आधी की ई आधी या जुन्याच प्रश्नावरून एका मुलाशी मनातल्या मनात भांडत होते. शिपाई दारात आला आणि म्हणाला, “बाई, तुमच्या शेजारच्या शिवणवाल्या सुमनताई गेल्या. भाऊंनी निरोप पाठवलाय.” भाऊ म्हणजे तिचे यजमान, एस.टी.त कंडक्टर. लाल पेन तसंच उघडं टाकून मी निघाले. त्यांच्या अंगणात बायकांची ही गर्दी! बहुतेकींचे नवरे बोटीवर. त्यांतली एक पदराने डोळे पुसत म्हणाली, “आता आमची इंग्रजी पत्रां कोण लिवणार गो?” मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. इंग्रजी घेऊन बी.ए., वर बी.एड., चौदा वर्षं हायस्कुलात इंग्रजीची बाई. पण माझ्याकडे कुणी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. बालमैत्रीण समोर निजलेली आणि मला आला तो राग... मेलेल्या माणसाविषयी लिहिताना असं लिहू नये, कळतं मला. पण सुमनविषयी खरं लिहायचं तर हेव्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

आम्ही दोघी पावस गावच्या. एकाच बाकावर बसून शिकलो. गणितात ती हुशार, चित्रकलेत हुशार, गाण्यातसुद्धा. इंग्रजी तेवढं माझं. मॅट्रिकला ती इंग्रजीत आपटली, तेव्हा खरं सांगते, मला वाईट वाटलं पण झोप छान लागली. ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी तिला मीच शिकवलं. रोज दुपारी त्यांच्या पडवीत बसून स्पेलिंगं घोकून घ्यायचे, चुकलं की कान धरायला लावायचे. ती हसत धरायची. पास झाली, तर तिच्या आईने पेढे वाटताना म्हटलं, “आमची सुमी मुळातली हुशारच हो.” मी शिकवलं हे कुणाच्या लक्षातही नाही! पुढे दोघींची लग्नं रत्नागिरीतच झाली, घरं अगदी शेजारीशेजारी. माझे यजमान मालवाहू बोटीवर लागले. मी शाळेत लागले आणि सुमनने शिवणयंत्र घेतलं.

आता माझं एक दुखणं सांगते. चुकीचं इंग्रजी दिसलं की माझा हात लाल पेनाकडे जातो. या आमच्या गावात तर डोळे मिटूनच चालायला हवं. हापसाच्या पेट्यांवर 'आल्फान्सो' कुणी धड लिहील तर शपथ. पल्पच्या डब्याच्या लेबलावर पी-एल-यू-पी छापलेलं मी स्वतः पाहिलंय, आणि ते डबे आखातात गेलेसुद्धा! केशकर्तनालयाच्या पाटीवर 'सलून' म्हणून जे स्पेलिंग असतं, त्याचा अर्थ दारूचा गुत्ता. लग्नपत्रिका आली की वधूवरांच्या आधी मी स्पेलिंग बघते. आमचे हे म्हणतात, “अगो, अहेर बघ, अक्षरं काय बघतेस?” पण माझा स्वभाव. आणि सगळ्यांत जुनी चूक मुलांच्या अर्जातली. रजा म्हणजे लीव्ह, स्पेलिंग एल-ई-ए-व्ही-ई. मुलं लिहितात एल-आय-व्ही-ई, म्हणजे जगणं. 'ताईचं लग्न आहे, कृपया मला दोन दिवस जगणं द्यावं.' आम्हा मराठी माणसांचा ऱ्हस्वदीर्घाचा आनंद इंग्रजीतही पाठ सोडत नाही. त्या शब्दाभोवती मी किती लाल गोल काढले असतील, कुणास ठाऊक.

आणि सुमन नेमकं असंच लिहायची. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांनी एकदा विचारलं, मुंबईला कंपनीत पत्र धाडायचंय, लिहून देशील का? हिने यंत्राच्या फळीवरच कागद ठेवून लिहून दिलं. कुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी नवऱ्याला सोडत नाहीत, कुणाची चार महिने खबर नाही, असली पत्रं. मी एक पाहिलं. ओळीओळीला चूक! बोट म्हणजे शिपचं तिने शीप केलेलं, म्हणजे मेंढी. 'माझा नवरा मेंढीवर आहे.' मी सगळ्या बायकांसमोर तिला ते वाचून दाखवलं, अर्थासकट. बायका हसल्या. सुमनही हसली. पण दहाव्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं आणि त्या बाईचा नवरा महिन्याभरात घरी! तेव्हापासून तिच्या पडवीत रांग लागली. तिच्याकडे शेवग्याच्या शेंगा यायच्या, सुकी सुरमई यायची, आंब्याच्या दिवसांत पहिला करंडा यायचा. माझ्याकडे कोण येणार? फार तर नापास मुलांचे बाप.

मग आमच्याच घरावर पाळी आली. आळीत पहिला रंगीत टीव्ही आला त्या वर्षीची गोष्ट. सासूबाईंनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. ह्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपून चार महिने झाले होते, तरी कंपनी बदली माणूस पाठवत नव्हती. मी पत्र लिहिलं. असं पत्र, की परीक्षकाने वर्गात वाचून दाखवावं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं, डॉक्टरांचा दाखला जोडला. मग तिसरं. सासूबाई रोज पोस्टमनची सायकल वाजली की उठून बसायला बघायच्या आणि विचारायच्या, “काय म्हणतंय गो बायो तुझं इंग्रजी?” मला तोंड लपवावंसं वाटायचं.

एके दिवशी शाळेतून आले तर सुमन सासूबाईंच्या खाटेवर बसून घाईघाईने कागद घडी करत होती. मी विचारलं, काय चाललंय? सासूबाईच म्हणाल्या, “मीच बोलावलं तिला. तुझ्या पत्रात सगळा बरोबर असंल, पण माझो जीव जातोय ता कुठं हाय त्यात?”  मी स्वयंपाकघरात जाऊन खूप भांडी आपटली.

दहाव्या दिवशी कंपनीची तार आली. हे आले. सासूबाई ह्यांच्या हातची पेज प्यायल्या, ह्यांच्याशी तीन आठवडे पोटभर बोलल्या आणि मग गेल्या. मला आनंद नव्हता असं नाही. पण एका संध्याकाळी हे सहज म्हणाले, “मुंबईच्या ऑफिसात गेलो तर साहेब विचारतो, ते 'लिव्ह'वालं पत्र तुमच्याच घरचं ना? सगळ्या मजल्याने वाचलंय म्हणे. 'साहेब, माझ्या मुलाला जगणं द्या, मरायच्या आधी मला त्याला बघायचंय.'” मी विचारलं, “आणि माझी तीन पत्रं?” हे म्हणाले, “ती असतील फायलीत. चांगली होती म्हणाला.”

चांगली होती!

मी उठले ती तडक सुमनकडे. “अगं, आपण कान धरून घोकलं होतं ना? ई-ए! लीव्ह म्हणजे रजा, लिव्ह म्हणजे जगणं!” दातांनी दोरा तोडत ती म्हणाली, “असं होय नलू? मेलं माझं इंग्रजी. तू शिकवलंस तेवढंच येतं हो.” मी तिथल्या तिथे खडूने तो शब्द तिच्या दाराच्या फळीवर ठळक लिहिला. पुढच्या पत्रात तिने पुन्हा एल-आय-व्ही-ई लिहिलं. त्यानंतर मी तिच्याशी बोलत राहिले, हळदीकुंकवाला जात राहिले, पण मनातून अढी काही गेली नाही. एवढ्या चुका करून हिचं भलं होतं, आणि मी आयुष्यभर एक स्वल्पविराम सोडला नाही तर मला कुणी विचारत नाही... हा अन्याय मी कितीतरी वर्षं उराशी धरून बसले होते.

तेराव्यानंतर भाऊ घरी आले. हातात सुमनच्या पत्रांच्या कच्च्या वह्या. म्हणाले, “तुमच्याकडेच द्यायच्या म्हणाली होती. दुसऱ्या कुणाला कळायच्या नाहीत.” ते गेल्यावर मी वह्या उघडल्या. खोटं कशाला बोलू, लाल पेन घेऊनच उघडल्या. आमच्या सासूबाईंचं पत्र शोधलं. सापडलं. वरती एक सबंध पत्र, सुरेख अक्षरात, एकही चूक नाही. 'रिसीव्ह' बरोबर, 'शिप' बरोबर, 'लीव्ह'मध्ये ई-ए अगदी जागच्या जागी. आणि त्याखाली तेच पत्र पुन्हा, पण उसवलेलं. एकेक शब्द आडवी रेघ मारून बिघडवलेला. 'लीव्ह' खोडून वर लिहिलेलं एल-आय-व्ही-ई. प्रत्येक वहीत प्रत्येक पत्राचं हेच.

मी तशीच भाऊंकडे धावले. ते ओटीवर बसले होते. म्हणाले, “तुम्हाला ठाऊक नव्हतं? ती म्हणायची, बरोबर लिवलेलं पत्र सायेब फायलीला लावतो. चुकलेलं असलं तर हसतो, शेजारच्या सायबाला वाचून दाखवतो. दोघांनी वाचलं म्हणजे काम होतं.” मी विचारलं, “मग मला का नाही सांगितलं तिने?” भाऊ म्हणाले, “ती म्हणायची, नलूला चुका काढायला आवडतात. काढू दे.”

त्या दिवशी मी पोट भरून रडले. दुःखाने म्हणाल तर थोडं. बाकी सगळा हेवाच. मी शिकवलेलं सगळं तिला आलं होतं, आणि वर मला न येणारंही आलं होतं. पडवीभर बायकांसमोर मी तिची मेंढी केली तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं, तरी ती हसली. मला मोठं होऊ दिलं तिने. असं मला कुणासाठी जमलं नसतं, आजही जमणार नाही.

मागच्या पंधरवड्यात बंदराकडची एक बाई आली. नवरा दीड वर्ष बोटीवर, मुलीचं लग्न ठरलेलं. उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, “सुमनताय नाय, म्हणून तुमच्याकडं आले.” मी तिला आत बसवलं, कागद घेतला. त्या शब्दापाशी आले. एल काढला आणि हात अडला. चौदा वर्षांची इंग्रजीची बाई माझ्यातून ओरडत होती. समोरची ती घाबरली. “काय चुकला काय?” मी म्हटलं, “नाही हो,” आणि दात आवळून पुढे आय काढला.

पत्र टाकल्याला आज बारा दिवस झाले. सुमनला दहाव्या दिवशी उत्तर यायचं.