शेपटी धरून गणिताच्या पेपरला

मार्चला मी मॅट्रिकच्या गणितात नापास झाले तेव्हा वडिलांनी एवढंच सांगितलं, की ऑक्टोबरला गणित सुटलं तर कॉलेज, नाहीतर दिवाळी झाली की पाहुणे बघायला येतील. भांडण्यात अर्थ नव्हता. निकालापासून चार महिने मी भूमिती घोकली. आणि नेमकी पेपरच्या सकाळी कृष्णा फुगली.

परतीच्या पावसानं फरशी पूल पाण्याखाली गेला होता. नाव पलीकडच्या काठाला बांधलेली आणि नावाडी तिथूनच हात हलवून नाही म्हणत होता. परीक्षेचं केंद्र पलीकडच्या गावात, पेपर अकराला. मी रडले नाही, चिडले. माणूस चंद्रावर जाऊन तिथली माती घेऊन आला होता, आणि मला समोर दिसणाऱ्या गावात जाता येत नव्हतं.

माझे धाकटे काका फौजेतून रजेवर आले होते. असल्या वेळी त्यांना चेव चढायचा. "माणसापुढं नदी काय करती?" म्हणत त्यांनी गुऱ्हाळातली गूळ शिजवायची काहील आणवली. पुरात काहिलीतून माणसं नेण्याची आमच्याकडं रीतच आहे, पण तिला जाणता हात लागतो. काकांनी आजवर हुकूम तेवढे सोडले होते, काहील नव्हती सोडली. मी, काका आणि एक शेजारी आत बसलो. काहिलीला ना तोंड ना शेपूट, ती गरगर फिरायला लागली. काका "लेफ्ट, लेफ्ट" ओरडत होते आणि शेजारी विचारत होता, "लेफ्ट म्हंजी कुठलं, गड्या? आत्ता तर गाव तिकडं हुतं." शेवटी एका बाभळीवर आदळून आम्ही आमच्याच काठाला लागलो.

तेवढ्यात काकी म्हशी घेऊन खाली आली. पलीकडच्या मळीत, काठच्या गाळाच्या रानात, गवत चांगलं, म्हणून म्हशी रोज पोहून चरायला जात, पाणी कमी असो की जास्त. काकीनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग काहिलीकडं, मग माझ्याकडं.

"थोरलीची शेपटी धर," ती म्हणाली. "हात ताठ ठेव. आन् तिला वाट दावू नगंस."

"आवं काकी, पूर किती हाय."

"पूर तुला हाय. ती रोज जाती."

हॉल तिकीट, पेन आणि कंपासपेटी खताच्या पोत्यातल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मी डोक्याला बांधली, कासोटा घातला आणि म्हशीमागं पाण्यात शिरले. पोहायला येतच होतं. तळ सुटला तशी ती जमिनीवरची गबाळी, रेंगाळणारी म्हैस कुठल्या कुठं गेली. काय ताकद होती त्या अंगात. हिसका बसून माझे खांदे उखडतात की काय असं वाटलं.

मध्यावर माझ्या लक्षात आलं, की ही सरळ जातच नाही, तिरपी खाली खाली चालली आहे. केंद्र तर समोर. दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा, हे मी घोकून आलेली. मी शेपटी वरच्या अंगाला ओढली. तिनं अंग वळवलं आणि सगळा लोंढा आमच्या कुशीवर आला. नाकातोंडात पाणी जाऊन मी खाली गेले. वर आले तेव्हा शेपटी हातात होती आणि अक्कल ठिकाणावर आली होती. मी ओढणं सोडून दिलं. म्हशीनं पुन्हा आपली तिरपी वाट धरली. नदीशी भांडायचं नाही, तिच्याबरोबर वाहत वाहत पलीकडं सरकायचं.

मग मात्र मला विलक्षण आनंद झाला. खरंच सांगते, भीती म्हणून उरली नाही. पुढं शिंगं, फुसफुसणाऱ्या नाकपुड्या, बाजूनं वाहत चाललेल्या फांदीवर निवांत उभा असलेला बगळा, आणि या सगळ्यांत मी. कुणी माझ्यासाठी थांबलं नव्हतं, कुणी मला हाकललंही नव्हतं. काकांच्या हिशेबानं माणूस नदीचा मालक. मालकीण तर मी नव्हतेच, पण उपरीही नव्हते. मला तिथं जागा होती, शेपटीला का होईना. म्हशीला भूमिती येत नव्हती, मला पूर येत नव्हता. दोघींचं मिळून झकास चाललं होतं. मी मोठमोठ्यानं हसत होते आणि तोंडात पाणी जात होतं.

अर्धा मैल खाली आम्ही काठाला लागलो. म्हशीनं अंग झाडलं आणि माझ्याकडं न बघता गवताला तोंड लावलं. तिनं मला पोहोचवलं असं मला वाटत होतं. ती आपली न्याहारीला आली होती. ह्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण मला ते फार आवडलं. तिच्या पाठीवर थाप मारून मी पळत सुटले.

वर्गात शिरले तेव्हा पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती.

"कुणी आणलं तुला?" पर्यवेक्षकांनी विचारलं.

"म्हशीनं."

वर्ग हसला. ते हसले नाहीत. हॉल तिकीट पाहून त्यांनी पेपर दिला आणि माझा बाक दाखवला. त्याच्या मागं आमच्या काठाच्या चार पोरींचे बाक होते, चारही रिकामे. त्यांतल्या दोघींच्या लग्नाला मी कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत जेवून आले.