शिवायला न आलेली पुस्तकं

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवणाऱ्या बाईंना सगळे बाइंडरबाई म्हणतात. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी लेखिकांवरच्या कोर्सला नाव घातलं. "आता या वयात काय दिवे लावणार?" असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा "तुम्ही कुकर लावा," म्हणून त्या आमच्या वर्गात येऊन बसल्या.

पहिल्याच दिवशी मॅडमनी दहा पुस्तकांची यादी वाचली आणि म्हणाल्या, "या लेखिका आज सगळीकडे आवडीने वाचल्या जातात."

"सगळीकडचं माहीत नाही," बाइंडरबाई म्हणाल्या. "पण सव्वीस वर्षांत यातलं एकही माझ्याकडे शिवायला आलेलं नाही. कुणी हातच लावला नाही, तर पुस्तक फाटणार कसं?"

मॅडमनी त्याच दुपारी आम्हाला कपाटाकडे पिटाळलं. दहाही पुस्तकं कोरी करकरीत होती.

परीक्षा संपली आणि ग्रंथपाल तणतणत बाइंडरबाईंच्या टेबलाशी आले. हातातल्या पुस्तकाची पाठ सुटली होती, पानांवर चहाचे डाग पडले होते. "बघा, पोरींनी पार वाट लावली याची!"

बाइंडरबाईंनी सुईत दोरा ओवला. "लावू द्या. अजून नऊ यायची आहेत."