जिना, मुलांसाठी

आपा संगणकावर एस्टिमेट बदलायला बसल्या की आधी फोन उचलायच्या. आमच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी गेट, ग्रिल, जिने बनत. लोखंडाचा भाव सतत हलायचा, आणि गिऱ्हाइकांना पाठवलेली एस्टिमेट हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून नवे दर भरायचं काम आपांकडे होतं. शेठपासून वेल्डरपर्यंत सगळे त्यांना आपाच म्हणत. 'अपडेट' दाबण्याआधी काय बदलतंय ते त्या गिऱ्हाइकाला तोंडी सांगत. "बटण दाबलं की जुना आकडा मागे डागसुद्धा ठेवत नाही," त्या म्हणायच्या. "माणूस निदान चाचरतो तरी."

मी साइटवर जाऊन मापं घ्यायचो. कागद समोर ठेवला की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "तिथे वावरतं कोण?" मग वर्णनाच्या रकान्यात तेही टाइप होई. 'खिडकीचं ग्रिल, आजोबा टेकून बसतात.' शेठ कपाळाला हात लावायचे. "आपा, हे एस्टिमेट आहे. लग्नाचा बायोडेटा नाही."

"बायोडेट्यात खोटं चालतं," आपा मान वर न करता म्हणायच्या.

वाघोलीत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर लहान मुलांचा क्लास होता. आतला जिना अरुंद, म्हणून क्लासच्या मालकांना बाहेरून लोखंडी जिना हवा होता. आपांनी लिहिलं, 'जिना, मुलांसाठी. सुटल्यावर सगळी एकदम उतरतात.' एस्टिमेट गेलं. काही दिवसांनी शेठ येऊन त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिले. रक्कम खाली आणायची होती. पायऱ्यांचा पत्रा पातळ, खालचे आधार कमी, आणि जाडीचा रकाना कोरा.

"कोरा ठेवल्याने पत्रा जाड होतो का?" आपांनी विचारलं.

"तुम्ही फक्त अपडेट करा."

आपांनी फोन उचलला. शेठ अडवतील असं मला वाटलं होतं, पण ते शांतपणे बघत राहिले, आणि त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. आपा क्लासच्या मालकांना एकेक गोष्ट सांगत गेल्या आणि मध्येच थांबल्या. फोन खाली ठेवून मला म्हणाल्या, "त्यांना माहीत आहे. त्यांनीच सांगितलंय."

त्यांनी पर्स खांद्याला लावली आणि निघून गेल्या, त्या कायमच्याच. शेठनी स्वतः बसून आकडे बदलले. जिना उभा राहिला, त्याला छान आकाशी रंग लागला.

क्लास सुटायच्या वेळी आपा येरवड्यातल्या घरून रिक्षाने तिथे जायला लागल्या. न्यायला आलेल्या आईबापांना सांगायच्या, "हा जिना पातळ आहे. पोरांना आतून आणा." वॉचमन हाकलायचा, मालक पोलिसांची धमकी द्यायचे. काही पालकांनी ऐकलं. बाकीच्यांना ती कुणी डोकं फिरलेली बाई वाटली.

मग एका संध्याकाळी मुलं उतरताना मधलं लँडिंग खाली बसलं. कठडा धरून उभी राहिलेली मुलं मोठ्यांनी एकेक करून उतरवली. जीव कुणाचा गेला नाही. जिन्याला साखळी आणि कुलूप लागलं. मी आपांच्या घरी गेलो. म्हणालो, "तुमचं खरं ठरलं." मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "खरं ठरावं म्हणून नव्हते उभी राहत."

परवा दुपारी मी त्याच रस्त्याने चाललो होतो. क्लास गेलाय, आता वर एक मेस आहे. जिन्याची साखळी काढलेली होती. लँडिंगवर ताजा रंग होता आणि खाली आधाराचा तोच, तेव्हा वाकलेला अँगल. कॉलेजची पोरं वर जेवायला बसली होती. मी आपांना फोन केला.

"अँगल तसाच आहे?"

"तसाच. वर रंग नवा."

"कुणाला चढू-उतरू देऊ नकोस. मी आले."

त्या येईपर्यंत मी वर बघून हाका मारत राहिलो, "आतून उतरा." मेसवाला वरून शिव्या देत होता. आपा आल्या, खालून वाकून लँडिंग पाहिलं आणि पर्स मांडीवर घेऊन पहिल्या पायरीवर बसल्या. जिन्यावर दुसरं कुणीच नव्हतं, तरी वर काहीतरी करकरलं.

"ऐकलंस?" आपा म्हणाल्या. "आता महापालिकेत फोन लाव. मी इथून उठत नाही."