जुन्या हिरव्या जीपमधून मुलगी बघायला

जुनी फोर-बाय-फोर जीप घ्यायची, कमी खर्चात सजवायची आणि जंगलात घालायची, अशी हौस ज्यांना आहे त्यांनी हा लेख वाचावा. ज्यांना लग्न करायचं आहे त्यांनी दोनदा वाचावा. आमच्या मिलिंदला दोन्ही करायचं होतं, आणि तेही एकाच दिवशी.

मिलिंद माझा धाकटा भाऊ. आदिलाबादलाच एका सरकारी ऑफिसात ज्युनिअर असिस्टंट आहे आणि आता पस्तिशीला टेकलाय. मुली सांगून येतात, पण चहा संपायच्या आत हा स्वतःच सांगून टाकतो की पगार जीपमध्ये जातो. मग मुलीकडचे बिस्किटाची बशी आपल्याकडे ओढून घेतात. यंदा माझ्या शाळेतल्या एका मॅडमनी प्रज्ञाचं स्थळ आणलं. इंद्रवेल्लीच्या पलीकडचं गाव, मुलगी प्राथमिक शाळेत शिक्षिका, वडील किसनजी यांची थोडी शेती. फोटो दोन्हीकडे पसंत पडले. प्रज्ञा फोनवर माझ्याशी इतकं मोकळं बोलली की मला ती आवडूनच गेली. आईचे गुडघे धड नाहीत, म्हणून पहिल्या भेटीला मी जायचं ठरलं. निघताना आई म्हणाली, "बाई, हे स्थळ हातचं जाऊ देऊ नको. याच्यापुढं मले कोणाले विचारायची ताकद नाई."

आता गाडीविषयी. मिलिंदनं ती एका ठेकेदाराकडून घेतली, त्यानं ती सरकारी लिलावात उचललेली. ठेकेदारानं पांढरा रंग मारला होता. मिलिंदनं तो खरवडला तर खाली हिरवा निघाला. "ताई, ओरिजिनल!" असं ओरडून त्यानं शेजाऱ्यांनाही बाहेर काढलं. मग सगळी गाडी हिरवीगार झाली. बाकीचं काम बजेटमध्ये बसवलेलं. नागपूरहून जुने, जाड नक्षीचे टायर आणले. ते मापापेक्षा मोठे निघाले, म्हणून डावीकडे पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासतात, आणि म्हणून मिलिंद शक्यतो डावीकडे वळत नाही. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जास्तीचा एकेक पाटा घालून गाडी उंच केली. आता साडी नेसून चढायचं तर प्लास्टिकचं स्टूल लागतं, ते मागे दोरीनं बांधलेलं असतं. खोल पाण्यातून जाताना इंजिनाला हवा घ्यायला उंच नळी लागते म्हणे. विकतची महाग, म्हणून बोअरच्या दुकानातून पाइप आणून काळा रंगवला. गाडी चिखलातून ओढायला विंच हवी, तर मंचेरियलच्या भंगार बाजारातून विहिरीतली मोटर उचलायची चेनपुली आणली. आणि टपावर वायरलेसचा लांब अँटेना. त्याला खाली काहीही जोडलेलं नाही. मी विचारलं, हा कशाला? म्हणाला, "लूक."

मी म्हटलं, मुलगी बघायला बसनं जाऊ. तर म्हणे बस कोणालाही मिळते. शेवटी सकाळी निघालो. त्यानं खाकी रंगाचा, अंगभर खिसे असलेला शर्ट घातला, वर टोपी आणि गॉगल. बायोडेटातल्या फोटोत हा सुटात आहे. हा तोच माणूस आहे हे मलाही दोनदा बघून पटलं.

गुडीहतनूरपर्यंत महामार्ग आहे, तिथं सांगण्यासारखं काही नाही. फाट्यावर नाश्ता करून घ्या. इडली बरी असते, मिरची भजी त्याहून बरी. डिझेलही तिथंच भरून घ्या, कारण या वयाची जीप डिझेल पीत नाही, गिळते. तिथून डावीकडे इंद्रवेल्लीचा रस्ता लागतो. आम्ही कसे वळलो हे टायरांना विचारा. रस्ता डांबरी आणि चांगला आहे. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायका ओळीनं वाकलेल्या. थंडीच्या सुरुवातीला हा भाग बघावा, डोळ्यांना बरं वाटतं.

इंद्रवेल्लीच्या स्तूपापाशी, म्हणजे पोलिसांच्या गोळीबारात गेलेल्या आदिवासींच्या स्मारकापाशी, मिलिंदला गाडीसोबत फोटो हवा होता. कट्ट्यावर एक म्हातारे आजोबा बसले होते. आमची गाडी थांबताच ते उठले आणि मागे न बघता चालू लागले. मी म्हटलं, इथं फोटो नको, चल. त्यानं माझं ऐकलं, हे त्या दिवसातलं पहिलं आणि शेवटचं.

गावाला डांबरी रस्ता आहे, शाळेपर्यंत बस जाते. आम्ही दुपारी त्याच बाजूनं येऊ असं कळवलं होतं. पण मिलिंदनं मोबाइलवर जंगलातून जाणारी एक वाट हेरून ठेवली होती. मी विचारलं, "सरळ रस्ता सोडून इकडून काऊन?"

"डांबरीनं कोणीबी जाते, ताई. फोर-बाय-फोर कायले घेतली मंग?"

गाडी ज्याची, वाट त्याची.

वाट खरंच सुंदर आहे, हे कबूल करते. साग, मोह, मधूनच टेंभुर्णी, आणि चाकांखाली लाल मुरूम. मिलिंद चारही चाकांचा लिव्हर टाकायचा, काढायचा, पुन्हा टाकायचा. मी वरच्या दांडीला लटकून होते. वाटेत माणसं भेटली ती मात्र विचित्र. एक बाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन येत होती, तिनं आम्हाला बघून मोळी झुडपात टाकली आणि रिकाम्या हातानं भलतीकडेच निघाली. एक सायकलवाला खाली उतरून, टोपी काढून कडेला उभा राहिला. मिलिंद खूश. "पाह्यलं? गाडीचा रुबाब!" म्हणून त्यानं सायकलवाल्याला दोन बोटांनी सलाम ठोकला.

पुढं ओढा लागला. पाणी गुडघाभर होतं, पण तळाला गाळ. पाइप लावलेल्या इंजिनानं हवा मस्त घेतली, टायरांनी मात्र गाळच घेतला. गाडी मधोमध बसली. पलीकडे दोन माणसं बैलांना पाणी पाजत होती. मी हाका मारल्या, "अहो भाऊ, जरा हात लावा जी!" त्यांनी आमच्याकडे बघितलं, बैल वळवले आणि झाडीत नाहीसे झाले. आपल्याकडे फसलेल्या गाडीला हात न लावता जाणारं माणूस मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मग चेनपुलीची एक कडी पलीकडच्या सागाला, दुसरी गाडीला, आणि साखळी ओढायला मी. वरपक्षाची मोठी बहीण, पदर खोचून, ओढ्यात. मोटर उचलायची पुली गाडी इंच-इंच ओढते, घाई असलेल्यांनी नेऊ नये. तरी निघालो, आणि सांगितलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी गावाच्या मागच्या बाजूनं वर आलो. फोनला रेंज नव्हती, त्यामुळे कळवता आलं नाही.

पहिलंच घर किसनजींचं. प्रज्ञाच्या फोटोतला सागाचा दरवाजा मी ओळखला. गाडी अंगणात शिरली तशी आत पळापळ झाली, भांडं पडलं, कोणीतरी "मांगं, मांगं न्या" म्हणालं. मग पन्नाशीपलीकडचा एक माणूस, किसनजी ते, हात जोडत बाहेर आला.

"या सायेब, बसा जी. उनातून आले."

खुर्ची आली. ती गमछ्यानं पुसली गेली. तांब्याभर पाणी आलं. मला वाटलं, मुलाकडच्यांचा काय हा मान! आमच्यात एवढं कोणी करत नाही, पण गाव जुन्या वळणाचं असेल. मिलिंद खुर्चीत रेलून बसला, गॉगल तसाच, पायावर पाय. घरी माझ्याइतकंच वऱ्हाडी बोलणारा हा माणूस एकदम छापील मराठी बोलू लागला.

"इथं घरं किती आहेत?"

"वीस-बावीस असतीन जी."

"पाण्याची सोय?"

सासुरवाडीच्या पाण्याची काळजी आतापासून, म्हणून मला त्याचं कौतुक वाटलं. गाळानं माझे पाय माखले होते. एक बाई, प्रज्ञाच्या आई त्या, म्हणाल्या, "मॅडम, इथंच बसा, पाय धुवाले आनतो. गरम पानी हाय." भर उन्हात गरम पाणी! त्यांना कशाला त्रास, म्हणून मी स्वतःच मागे गेले.

मागे मोठी चूल धडधडत होती. वर हंडा, खाली एवढा जाळ की जवळ उभं राहवेना. एक माणूस, प्रज्ञाचे काका, कुऱ्हाडीनं काहीतरी फोडून भराभर आत सारत होते. मी आधी लक्ष दिलं नाही. मग जाळातून बाहेर आलेलं एक टोक दिसलं. ते लाकूड गोल घडवलेलं होतं, त्यावर फुलांची नक्षी होती. पलंगाचा पाय होता तो. नवा, पॉलिशसुद्धा व्हायचं होतं.

तेवढ्यात पुढून एका मुलीचा आवाज आला. "तुमी मिलिंद ना? आदिलाबादचे?"

मी धावत पुढे गेले. दारात प्रज्ञा उभी होती, हातात चहाचा ट्रे. मिलिंदनं गॉगल काढला आणि "हो" म्हणाला. किसनजी आळीपाळीनं मुलीकडे, आमच्याकडे आणि हिरव्या गाडीकडे बघत होते.

"म्हंजे जंगलातवाले नाई का तुमी?" त्यांनी विचारलं. "त्या बाजूनं तर जंगलातचीच गाडी येते. हिरवी. वरतं वायरलेस."

मग सगळं उलगडलं. त्यांनी आम्हाला वनखात्याचे साहेब समजलं होतं. प्रज्ञा जन्मली त्या वर्षी किसनजींनी बांधावर साग लावला होता. तो यंदा उतरवला आणि तिच्या लग्नासाठी पलंग घडवला. झाड त्यांचं, बांध त्यांचा, पट्टा त्यांच्या नावावर. तोडायच्या परवानगीचा अर्जही केलेला, फक्त कागद हातात यायचा होता. पण लग्नाची बोलणी सुरू झाली, सुतार मोकळा होता, म्हणून धीर धरवला नाही. मागच्या वाटेवर हिरवी गाडी दिसताच घरातल्यांना वाटलं, कोणीतरी खबर दिली. दंड होईल, पोरीच्या लग्नाच्या तोंडावर केस होईल. म्हणून साहेब चहा पिऊन मागे यायच्या आत पलंग चुलीत गेला.

काकांनी हंडा पालथा करून जाळ विझवला. एक पाय अर्धा उरला, बाकी कोळसे. किसनजी पायरीवर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उलट हसायला गेले.

"तुमी तं आपलेच निंगाले जी. येता येता जय भीम म्हनले असते तं..."

खरंच, एवढंच पुरलं असतं. आम्ही कोणाच्याही दारात गेलो की आधी जय भीम म्हणतो. मी चिखलात गुंतले होते, मिलिंद खुर्चीत. मला इतकी लाज वाटली की पाय न धुताच सँडल घातल्या. तरी त्या लोकांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकर, वांग्याची भाजी, वरण-भात. मी अर्धी भाकर कशीबशी संपवली. मिलिंदनं भात दोनदा घेतला.

परत डांबरी रस्त्यानं आलो. वाटेत तो एवढंच म्हणत होता, "मले काय माहित, ताई? मले वाटलं जावयाचा मान करून राह्यले." मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून मी त्याला फार बोलले नाही. चूक गाडीच्या रंगाची, असं मी आईलाही सांगितलं. पलंग आपण करून देऊ, असं मी किसनजींना फोनवर म्हणाले. ते म्हणाले, "पलंग भेटते जी. झाड नाई भेटत."

जुनी सरकारी गाडी घेणाऱ्यांना सल्ला द्यायचा तर हा: टायर नंतर बदला, आधी रंग बदला. आणि ज्या वाटेला तुम्ही ऑफ-रोड म्हणता ती कोणाच्या तरी घराची मागची वाट असते. तिकडून आपण मजेत येतो, त्यांना मात्र आपलं येणं बघून काय-काय लपवावं लागतं ते आपल्याला दिसत नाही.

इथंच लेख संपवणार होते. पण आठवड्यानं प्रज्ञाचा फोन आला.

"ताई, माझ्याकून नाई हाय. पलंगाचं नाई मनात, खरंच."

मी म्हटलं, गाडी विकायला लावते, मग?

"गाडीचंबी नाई. तुमी मांगं पाय धुवाले गेल्या ना, तवा बाबांनं त्यायले इचारलं, सायेब, रेंजर सायेब नाई आले का संगं? मी दाराआड होती. ते म्हनले, 'मागून येताहेत.'"

मी फोन कानाला लावूनच अंगणाकडे निघाले. ती पुढं म्हणाली, "तवा अर्धा पलंग उरला होता, ताई."

मिलिंद अंगणात जीपखाली आडवा होता, बाहेर फक्त पाय दिसत होते. मी तिथंच उभं राहून विचारलं, रेंजर मागून येताहेत असं म्हणालास का? पान्ह्याचा आवाज थांबला.

"गंमत केली होती," तो खालूनच म्हणाला. "दोन मिनटाची."

"त्यायचे हात जोडलेले होते, मिलिंद. तुले दिसत नव्हते?"

"दिसत होते." मग अगदी हळू, "मले कोण कवा सायेब म्हनते, ताई?"

मला त्याची दया आली आणि राग तसूभरही कमी झाला नाही. मी आत गेले आणि आईला सांगितलं की मुलीनं नाही म्हटलंय, आणि बरं केलंय.