घरमालकांची तिरमिरी

एकाच पदार्थापायी इतक्या वेळा आणि इतक्या मनापासून हताश झालेला माणूस आमच्या घरमालकांखेरीज अख्ख्या महाराष्ट्रात दुसरा झाला नसेल. माणसं निवडणुकीत हरतात, परीक्षेत नापास होतात, पण त्याला काही काळवेळ असतो. आमचे घरमालक दर रविवारी सकाळी साडेदहाला हताश होत. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी नऊ वर्षं भाडेकरू होतो. पाटबंधारे खात्यातला कारकून, एकटा, दूरच्या जिल्ह्यातून बदली होऊन आलेला. खोलीला लागूनच पत्र्याची एक शेड होती आणि त्या शेडमध्ये घरमालक जो उद्योग करत, त्याचा पहिला घास माझ्या नशिबी येई. खोली भाड्यानं घेताना ही अट कुणी सांगितली नव्हती.

उद्योग असा. घरमालक तरुणपणी घरातून पळून मुंबईला गेले आणि मालवाहू बोटीवर वाढपी म्हणून लागले. पिढ्यान्‌पिढ्या गूळ आणि मिरचीचा व्यापार करणाऱ्या त्या लिंगायत घरातला समुद्र पाहिलेला हा पहिला माणूस. वीस-बावीस वर्षं जगभर हिंडून, गुडघे कामातून गेल्यावर ते कोल्हापूरला परतले. इतरांनी परदेशातून घड्याळं आणली, रेडिओ आणले. घरमालकांनी एका पदार्थाची चव आणली, आणि तीही जिभेवर. इटलीच्या एका बंदरात बोट कित्येक महिने अडकून पडली होती, तेव्हा त्यांनी तो पदार्थ तिथल्या खानावळीत खाल्ला होता. कडक कॉफीत बुडवलेली लांबट बिस्किटं, त्यावर अंड्याच्या बलकात घोटलेल्या सायीसारख्या मऊ चीजचा थर, पुन्हा बिस्किटं, पुन्हा चीज, आणि वरून कोकोची पूड. नाव तिरामिसू. आमच्या गल्लीनं हे नाव दोन दिवस उच्चारून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्याची तिरमिरी करून टाकली. "आज तिरमिरी हाय काय हो?" असं लोक विचारत आणि घरमालकांना खरोखरच तिरमिरी येई.

अडचण अशी की अंडी सोडली तर ह्या पदार्थाला लागणारी एकही वस्तू तेव्हा कोल्हापुरात मिळत नव्हती. दुसरा कुणी असता तर त्यानं श्रीखंड खाऊन समाधान मानलं असतं. घरमालकांनी प्रत्येक वस्तूला पर्याय शोधायचं ठरवलं. चीजऐवजी आधी चक्का आला, तो आंबट निघाला. मग खवा आला, तो इतका घट्ट बसला की थर कापायला विळी घ्यावी लागली. मग सायीचं लोणी, मग पनीर, आणि एकदा तर खरवस. त्या खरवसासाठी ते आठ दिवस गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जाऊन कुणाची म्हैस कधी विणार आहे याची चौकशी करत होते. गवळ्यांना वाटलं, हा माणूस म्हशींचा दलाल झाला. कोकोऐवजी भाजलेल्या नाचणीचं पीठ भुरभुरून झालं. ते उडून माझ्या नाकात गेलं आणि मी शिंकलो, त्याबरोबर वरचा सगळा थर समोर बसलेल्या घरमालकांच्या सदऱ्यावर गेला. ते रागावले नाहीत. सदरा झटकत म्हणाले, "लई हलकं झालं पीठ. फुडच्या टायमाला जाड दळूया."

बिस्किटांसाठी त्यांनी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या चाचांना धरलं. चाचा पिढीजात कसबी. त्यांच्या खारीला पदर असे की मोजून घ्यावेत. घरमालकांनी त्यांना बोटाएवढी, आतून पोकळ पण बाहेरून कडक आणि कॉफीत बुडवल्यावर भिजेल पण मोडणार नाही अशी बिस्किटं करायला सांगितलं. चाचांनी तीन महिने प्रयत्न केले. पहिली खेप विटांसारखी झाली, दुसरी कॉफी दिसताच विरघळली. शेवटी चाचा स्वतः शेडमध्ये येऊन बसले आणि फार अदबीनं म्हणाले, "दादा, भिजायला बी पायजे आनि मोडायला बी नको. असं माणूस बी नसतंय, तर बिस्कुट कुठनं आणू?" त्यानंतर घरमालक चहात बुडवायचे कडक बटर, टोस्ट आणि नानकटाईकडे वळले. नानकटाईचा चिखल झाला.

कॉफीचंही तसंच. आमच्याकडे तेव्हा कॉफी म्हणजे पाहुण्यासाठी साखर आणि जायफळ घालून केलेलं दूध. घरमालकांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणे, त्या निपाणीकडच्या. त्यांच्या माहेराहून खरी कॉफीपूड येई म्हणून तेवढी एक बाजू भक्कम होती. पण एका रविवारी घरमालकांना वाटलं की आपल्या लोकांना जायफळाची सवय आहे, तर त्या वाटेनं जावं. त्यांनी दोन अख्खी जायफळं किसून घातली. त्या दिवशी शेजारच्या तालमीतला एक पैलवान सहज आला होता. त्यानं माझ्या वाट्याचं, अक्कांच्या वाट्याचं आणि उरलेलं सगळं भांडं खाल्लं, मिशा पुसल्या, "बदाम घातलं असतं तर बरं झालं असतं" असं मत दिलं, आणि तालमीत जाऊन जो झोपला तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. मधल्या वेळात त्याची एक कुस्ती होती. वस्ताद हातात काठी घेऊन घरमालकांच्या दारात आले. घरमालकांनी त्यांना आत बसवलं आणि नव्यानं केलेलं, जायफळ नसलेलं भांडं पुढं ठेवलं. वस्तादांनी एक चमचा खाल्ला, काठी उचलली आणि न बोलता निघून गेले. मारापेक्षा ते घरमालकांना जास्त लागलं.

अक्कांचं धोरण स्पष्ट होतं. अंडं स्वयंपाकघरात येणार नाही. म्हणून तर ती शेड उभी राहिली. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात आणि अक्काही इतकी वर्षं इथं राहून तसंच बोलत. "मी काय बोलतोय व्हय?" असं म्हणून त्या तासभर बोलत. पण बर्फाच्या कारखान्यातून पोत्यात, लाकडाच्या भुशात गुंडाळून बर्फाची लादी त्याच आणवून ठेवत, कारण घरात फ्रीज नव्हता आणि पदार्थ रात्रभर गार राहणं आवश्यक होतं.

रविवारी साडेदहाला घरमालक काचेचं भांडं बर्फातून काढत. स्टीलच्या पट्टीनं थर मोजत. मला एक बशी, अक्कांना बिनअंड्याची वेगळी वाटी, आणि स्वतःला एक चमचा. तो चमचा तोंडात घालून ते डोळे मिटत. आम्ही दोघं श्वास रोखून बघत राहायचो. मग डोळे उघडायचे, चमचा खाली ठेवायचा आणि पायरीवर जाऊन बसायचं. "ह्ये त्ये न्हवं," एवढंच म्हणायचे. नऊ वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक रविवारी मी हे वाक्य ऐकलं. त्यानंतर दुपारपर्यंत त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसे. मी मात्र दर वेळी बशी पुसून खाई आणि "छान झालंय" म्हणे.

मग तो सायकलचा प्रकार झाला. कळंब्याकडच्या एका मळ्यात कुणाकडे तरी फार दाट सायीचं दूध मिळतं असं त्यांना कळलं होतं. दुखरे गुडघे घेऊन ते सायकलवर गेले, आणि परत येताना उतारावर पडले. डोकं दगडावर आपटलं. तीन दिवस दवाखान्यात होते. टाके पडले, जखम भरली, घरी आले, आम्हाला वाटलं सुटलो. चार-पाच दिवसांनी अक्का बाहेर गेल्या होत्या आणि चुलीवरचं दूध करपलं. वास माझ्या खोलीपर्यंत आला. मी धावत गेलो तर घरमालक चुलीपासून चार हातांवर शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी पातेलं उतरवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. मग उठून शेडमध्ये गेले. कॉफीच्या डब्याचं झाकण काढून नाक आत घातलं. पुन्हा घातलं. मग झाकण लावून डबा फळीवर जिथला तिथं ठेवला.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार बसला की कधी कधी वास जातो, आणि वासाबरोबर चवही गेल्यासारखीच होते. परत येईल का, तर सांगता येत नाही. पण ना वास परत आला, ना चव. गोड, खारट, आंबट, कडू, एवढं कळे. बाकी सगळं, ते म्हणत, ओला कागद चावल्यागत. तिरामिसूची खरी चव साऱ्या कोल्हापुरात एकट्या त्यांनाच ठाऊक होती. तो एकुलता एक साक्षीदारच गेला. घरमालक आधी दर रविवारी हताश होत. आता ते आठवडाभर तसेच असत.

तरी दोन महिन्यांनी एका रविवारी शेडमधून चमच्याचा आवाज आला. मी गेलो. बर्फ होता, भांडं होतं, पट्टी होती. अक्काही येऊन बसल्या. घरमालकांनी माझ्यापुढं बशी ठेवली आणि म्हणाले की आता तुमची जीभ ती माझी जीभ. मी नेहमीप्रमाणे खाल्लं आणि नेहमीप्रमाणे छान झालंय म्हणालो. मग त्यांनी आम्हाला आजवर कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली.

बोट अडकली होती त्या दिवसांत त्यांना आई गेल्याची तार मिळाली, तीही अकरा दिवस उशिरा. दिवसकार्य उरकलं होतं. जायला पैसा नव्हता, रजा नव्हती, बोटीला हलायची परवानगी नव्हती. दोन दिवस ते त्या खानावळीत नुसते बसून राहिले. काही मागवलं नाही, काही खाल्लं नाही. खानावळीच्या म्हाताऱ्या मालकिणीला त्यांची भाषा येत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं एक बशी आणून समोर ठेवली, हातात चमचा दिला, आणि खाऊन होईपर्यंत शेजारी उभी राहिली. मग पदार्थाचं नाव सांगितलं आणि खुणेनं त्याचा अर्थ दाखवला. दोन्ही हात खालून वर. मला उचल.

"त्या दिशी मी उठलो आनि कामाला गेलतो," घरमालक म्हणाले. "आता खरं सांगा. ह्ये खाऊन तसं काय व्हतंय का?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हणालो, नाही होत. आणि एकदा तोंड फुटल्यावर सगळंच बाहेर आलं. कॉफी कडू लागते, चक्का आंबट लागतो, बिस्किटांचा लगदा होतो. नऊ वर्षांत मला हा पदार्थ एकदाही आवडलेला नाही.

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बशी खाली ठेवली. घरमालकांनी ती बशी आपल्याकडे ओढली. मग त्यांनी विचारलं, "मग नऊ वर्सं खाल्लासा कशाला?"

मी सांगितलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा माझी बायको गेली. ते घर, तो गाव सोसवेना म्हणून मी बदली मागून घेतली. सोमवार ते शनिवार कचेरी असे. रविवारी सकाळी उठल्यावर कुठं जायचं ते मला माहीत नव्हतं. इथं कुणीतरी माझी वाट बघत असायचं.

पुढच्या रविवारी शेडमधून आवाज आला नाही. मी शरमेनं खोलीतच बसून राहिलो. साडेदहाला अक्का दारात आल्या. "चल भाऊ," म्हणाल्या, "ते थांबल्यात."

घरमालक पायरीवर बसले होते. पुढ्यात काही नव्हतं, ना भांडं, ना बशी. त्यांनी सरकून मला जागा करून दिली. अक्का उंबऱ्यात टेकल्या. गल्लीत कुणीतरी सायकलची चाकं धूत होतं, ते आम्ही तिघं थोडा वेळ बघत राहिलो. नऊ वर्षं मला तुमी-तुमी करणारा तो माणूस मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाव काय हुतं रं तुझ्या बायकोचं?"

कोल्हापुरात हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि आपण होऊन मी कधी सांगितलं नव्हतं. सुमन, मी म्हणालो. अक्कांनी विचारलं, कुठली, कुणाची, दिसायला कशी होती. मी सांगत गेलो. ऊन पायरीवरून खाली उतरलं, जेवणाची वेळ टळून गेली, तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.